शुक्रवारी बोट हलवत नाहीत

टिबेट्स कोव्हच्या किनाऱ्यावर अर्डिस कार्व्हरला सगळे पाठीमागे ‘पुढची गाडी’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात रागावण्यासारखं तिला काही वाटत नसे. तिचा नवरा हार्लन लोकांच्या मासेमारीच्या बोटी ट्रेलरवर घालून ने-आण करी. हिवाळा लागला की बोटी पाण्यातून काढून अंगणात आणायच्या, हिवाळा सरला की परत धक्क्यावर सोडायच्या. अशी अवाढव्य बोट घेऊन ट्रक रस्त्याला लागला की त्याच्या पुढे पिवळा दिवा फिरवत एक गाडी जावी लागते, आणि लग्न झाल्यापासून ती गाडी अर्डिसच चालवत आली होती. कुठली तार खाली लोंबतेय, कुठल्या मेपलची फांदी बोटीच्या काचा फोडेल, कुणाची टपालपेटी रस्त्यात घुसलीय, सगळं ती वायरलेसवर मागे सांगायची. नवऱ्याच्या पुढे राहून संसार करणारी गावातली एकटीच बाई, असं धक्क्यावरचे पुरुष म्हणायचे. हार्लन म्हणायचा, “पुढे असते म्हणून काय झालं? डोळा आरशात माझ्यावरच असतो.”

ते खरंच होतं.

त्यांचं घर समुद्रापासून आत, ब्लूबेरीच्या उघड्या माळाला लागून. मागे मोठी शेड, अंगणात टेकूंवर उभ्या केलेल्या बोटी. अर्डिसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसत नसे की समुद्र. दिसत ती बोटींची पोटं. तिच्या दिवसातलं अर्धं काम भांड्यांचं आणि अर्धं ट्रेलरचं. कारण त्या मुलखात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. बर्फ वितळतो, गाड्या घसरत नाहीत, पण लोखंडाची माती होते. त्यात हा ट्रेलर धक्क्याच्या उतारावरून समुद्राच्या पाण्यातही उतरायचा. म्हणजे खालून मीठ, वरून मीठ. प्रत्येक फेरीनंतर अर्डिस तो गोड्या पाण्याने धुवायची. थंडीत नळी गोठायची, तेव्हा घरातून कोमट पाण्याच्या बादल्या. शेजारच्या बायका हसायच्या, “हिने आपली पोरं एवढी घासली नसतील.”

बाहेरून तिने तो चकचकीत ठेवला. पण ट्रेलरच्या दोन्ही बाजूंच्या लांब तुळया आतून पोकळ होत्या, आणि पोकळीत हात जात नाही.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, एकदा ती नेहमीसारखी हातोडी घेऊन तुळया ठोकत गेली. चांगलं लोखंड घंटेसारखं वाजतं. उजव्या तुळईवर, मागच्या चाकाच्या जरा पुढे, हातोडी ‘ठप्प’ झाली. जशी ओल्या फळीवर पडावी तशी.

“हार्लन, हे ऐक.”

त्याने ऐकलं. “वाजतंय की.”

“कुठं वाजतंय? भोपळ्यावर मारल्यासारखं होतंय.”

“तुझा कान बसलाय.”

“माझा? आणि परवा चर्चमध्ये पाद्रीबाबा ‘बसा’ म्हणाले तरी एकटा उभा कोण होता?”

तो हसला. मग हातमोजा काढून त्या जागेवरून अंगठा फिरवला, रंग ठीक होता, आणि म्हणाला, “उन्हाळ्यात कापून नवी पट्टी जोडू. या हिवाळ्यात आता मोठं ओझं नाहीच.”

मोठं ओझं नव्हतंही. पण डिसेंबरात त्यांच्या मुलीच्या बोटीचं इंजिन बंद पडलं.

कॉर्लिस ही त्यांची धाकटी. थोरला केव्हाच फ्लॉरिडात गेला, तिथून संत्र्यांची पेटी पाठवतो. कॉर्लिस राहिली. नवरा झाला, गेला, ती राहिली. उन्हाळ्यात शेवंडांचे पिंजरे, हिवाळ्यात तळ खरवडून स्कॅलपचे शिंपले, असं ती एकटी ‘एलनोरा’ या आपल्या बोटीवर करायची. बोटीला नाव हार्लनच्या आईचं होतं. इंजिन गेल्यावर हार्लनने स्वतः ती बोट ओढून शेडमध्ये आणली. त्या फेरीत तुळई काही बोलली नाही. नवं इंजिन उशिरा आलं, बसवणारा मिस्त्री त्याहून उशिरा आला. हिवाळा शेडमध्ये गेला. मार्च लागला तेव्हा स्कॅलपच्या हंगामाचं शेपूट तेवढं उरलं होतं.

एका संध्याकाळी कॉर्लिस आईच्या टेबलाशी बसून म्हणाली, “आई, स्पष्टच सांगते. एलनोरा या हंगामात पाण्यात गेली तर मी इथं. नाही गेली तर पोर्टलँडला. मासळीच्या शीतगृहात जागा आहे, ती माझ्यासाठी उन्हाळ्यापर्यंत थांबणार नाही.”

“शीतगृहात? तू?”

“मग काय करू? इथं बसून बाबांच्या ट्रेलरला रंग देऊ?”

पोर्टलँडला गेलेली माणसं नाताळला येतात, पहिल्या वर्षी आठवडाभर, मग दोन दिवस, मग पार्सल येतं. हे अर्डिसला संत्र्यांवरून माहीत होतं.

इंजिन गुरुवारी संध्याकाळी सुरू झालं. शुक्रवारी सकाळी बाहेर पाहिलं तर आकाश निरभ्र, थंडी कडक, रस्ता कोरडा ठणठणीत, मिठाने पांढरा पडलेला. ओझं न्यायला याहून चांगला दिवस देवाने घडवला नसता. फक्त तो शुक्रवार होता.

त्या किनाऱ्यावर शुक्रवारी बोट पाण्यात सोडत नाहीत. बोटीला निळा रंग देत नाहीत, तिच्यावरचं झाकण उलटं ठेवत नाहीत, नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक सूर्याच्या उलट दिशेने वळवत नाहीत, आणि बोटीजवळ डुकराचं नाव काढत नाहीत. कुणी विचारलं की सगळे हसतात, मी कुठं मानतो म्हणतात, आणि शनिवारपर्यंत थांबतात.

“आजच नेऊ या,” कॉर्लिस म्हणाली. “उद्या बर्फ आणि वर पाऊस सांगितलाय. रविवारी मोठं ओझं रस्त्यावर चालत नाही. आणि सोमवारी गावकचेरीवाले पाट्या ठोकणार.”

पाट्या म्हणजे नारिंगी पाट्या. बर्फ वितळू लागला की खालची माती लापशीसारखी होते. मग गावोगावच्या रस्त्यांवर खांबाखांबाला पाटी लागते, की मे महिना येऊन जमीन सुकेपर्यंत जड गाडी नेऊ नये.

“उद्या नेऊ,” हार्लन म्हणाला. “दुपारची भरती आहे. पाऊस काय, पडतोच.”

“बाबा, आज शुक्रवार आहे म्हणून ना? सरळ बोला.”

हार्लनने टोपी काढली, पुन्हा घातली. “तुझ्या आईला विचार.”

दोघंही अर्डिसकडे पाहू लागले. अर्डिस शिकलेली होती. मुलीच्या वयात ती दोन वर्षं शाळेत शिकवत होती, आणि मुलांना ग्रहणं कशी होतात ते संत्र्याने दाखवत होती. पण तिच्या डोळ्यांसमोर आला तो मुलीचा रोजचा समुद्र, एकटीचा, मार्चमधला, ज्यात पडलेला माणूस ओरडायच्या आत गारठतो. ती म्हणाली, “एकच दिवस आहे ग. शुक्रवारी नको.”

कॉर्लिस दारापर्यंत गेली. वळली. शेडमधून काढून अंगणात उभ्या केलेल्या एलनोराच्या नाळेशी जाऊन मोठ्याने म्हणाली, “डुक्कर! डुक्कर! डुक्कर!” आणि गाडीत बसून गेली.

हार्लनने पुन्हा टोपी काढली. “आईवर गेलीय,” एवढंच म्हणाला.

शनिवारी पहाटेच अर्डिसने बीन्सचं लोखंडी भांडं ओव्हनमध्ये ठेवलं. शनिवारचे बीन्स दिवसभर मंद शिजतात; काकवी घातली, कांदा घातला, आणि खाऱ्या चरबीचा तुकडा घालताना तो कोणत्या प्राण्याचा, हे मनातसुद्धा म्हटलं नाही. बाहेर रात्रभर पडलेल्या बर्फावर पाऊस पडत होता. मिठाच्या गाड्या येऊन गेल्या होत्या. रस्त्यावर राखाडी, खारट रबडा झाला होता, चाकाखालून फवारे उडत होते.

पुढे पिकअपमध्ये अर्डिस आणि शेजारी कॉर्लिस. मागे ट्रक, ट्रेलर, आणि त्यावर एलनोरा, रस्त्यावर घर चालत यावं तशी. मायलेकी कॉफीच्या थर्मासखेरीज काही देत-घेत नव्हत्या. ब्लूबेरीचा माळ मागे पडला. मग कॉर्लिस खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “काल रस्ता कोरडा होता.”

“हं.”

“काल ऊन होतं.”

“कॉर्लिस, मला गाडी चालवू दे.”

“चालव ना. तुला पुढची गाडी उगाच म्हणत नाहीत. सगळ्यांच्या पुढचं तूच ठरवतेस.”

हे अर्डिसला लागलं. पण तिचा डोळा सवयीने आरशात गेला, आणि तिथेच राहिला. मीटिंगहाउसची टेकडी सुरू झाली होती. आरशात एलनोराची छोटी डोलकाठी दिसत होती, आणि तिच्या मागे रस्त्याकडेचे विजेचे खांब. दोन्हींमध्ये फट होती. वर निमुळती, खाली रुंद.

तिने वायरलेस उचलला. “हार्लन, बोट उजवीकडे कलतेय.”

“रस्ता कललाय.”

“विजेचे खांब कललेले नाहीत.”

फक्त खरखर. मग हार्लनचा आवाज, नेहमीपेक्षा हळू. “मलाही जाणवतंय. मागून ओढ लागतेय.”

“थांब मग!”

“चढावर कसा थांबू? थांबलो तर सगळं वजन मागे, त्याच तुळईवर. वर सपाटी आहे का कुठं? अर्डिस, तू सांग. तुला दिसतंय.”

टेकडीच्या माथ्यावर सपाट जागा एकच होती. लर्लीन हकिन्सचं अंगण. आणि लर्लीन हकिन्स अर्डिसशी एका ब्लूबेरी पायवरून, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थावरून, बोलत नव्हती. चर्चच्या जेवणात अर्डिसने आपल्या पायचा तुकडा आधी वाढला आणि लर्लीनचा शेवटपर्यंत तसाच राहिला, त्याला इतकी वर्षं झाली होती की तेव्हाची मुलं मोठी होऊन त्यांची लग्नंही झाली होती.

“लर्लीनचं अंगण,” अर्डिस म्हणाली. “सावकाश ये. मी फाटक उघडते.”

गाडी वर कशी नेली, ते तिला पुढे कधी आठवलं नाही. आठवला तो आरसा. त्यातली फट वरून मिटत चालली होती. कॉर्लिस मागे वळून गुडघ्यांवर बसली होती आणि लहानपणी म्हणायची तसं पुटपुटत होती, “ये रे बाबा, ये रे, ये.” बोटीला की बापाला, कळत नव्हतं.

लर्लीन दारात उभी होती, हातात भांडी पुसायचा टॉवेल.

“लर्लीन, फाटक!” अर्डिस गाडीतून उतरत ओरडली.

“आज सूर्य कुठून उगवला?” लर्लीन म्हणाली. मग अर्डिसच्या खांद्यावरून तिला एलनोरा दिसली, आणि ती टॉवेलसकट फाटकाकडे धावली.

हार्लनने ट्रक आत आणला, सरळ उभा केला, आणि खाली उतरून तुळईपाशी बसला. रंगाखाली लोखंड वळलं होतं. वळलेल्या जागेतून गंजाचं लालसर पाणी गळत होतं, मिठाने जाड झालेलं. त्याने तिथे बोट लावलं. बोट आत गेलं.

“किती वेळ धरेल?” कॉर्लिसने विचारलं.

“धरत नाहीच आहे,” तो म्हणाला. “अजून तिला ते कळलेलं नाही, एवढंच.”

बोट खाली घ्यायची म्हणजे कण्याखाली ठोकळे हवेत आणि दोन्ही कुशींना टेकू. ठोकळे पिकअपमध्ये नेहमीच असत. टेकू घरी होते. पाण्यात सोडायच्या बोटीला टेकू कोण बरोबर घेतं? आणायला जाऊन यायचं तर तेवढ्यात तुळई मध्येच बसली असती. बाजूच्या गावच्या रॉइसकडे नवा ट्रेलर होता. कॉर्लिसने फोन लावला. तो दुसऱ्या खाडीवर बोट काढत होता, संध्याकाळशिवाय मोकळा नव्हता. आणि ठोकळ्यांवर घेतल्याशिवाय बोट कुणाच्याच ट्रेलरवर चढणार नव्हती.

अर्डिसने इकडेतिकडे पाहिलं. लर्लीनच्या कोठाराच्या भिंतीला लाकडं रचलेली होती. चुलीसाठी फोडलेली नव्हे, अख्खे लांब ओंडके, तिच्या नवऱ्याने मरायच्या आधी तोडून ठेवलेले. म्हातारीने दोन हिवाळे त्यांना हात लावला नव्हता. विकतची लाकडं जाळत होती.

अर्डिसला तोंड उघडायला जड गेलं. “लर्लीन, ती लाकडं…”

लर्लीन लाकडांकडे पाहत राहिली. “ती एव्हरेटची आहेत.”

“माहीत आहे.”

“मग बघत काय बसलीस? हातमोजे घाल. ब्लूबेरी पाय वाढताना मात्र किती घाई होती.”

तिघी बायका ओंडके वाहू लागल्या. पावसात, रबड्यात, घसरत. रस्त्यावर थांबलेल्या गाड्यांतली दोन-तीन माणसं काही न विचारता आत आली. हार्लन ओंडके आडवे-उभे रचत गेला, विहिरीच्या चौकडीसारखे, दोन्ही कुशींखाली. मधूनमधून तुळईतून कर्र असा आवाज येई आणि सगळे जागच्या जागी थिजत. मग पुन्हा ओंडके.

रचून झालं. आता बोटीला दोन्ही बाजूंनी धरणारे ट्रेलरचे लोखंडी हात हळूहळू सोडायचे, म्हणजे बोटीचं वजन चौकडीवर बसेल. आणि बसताना कुणीतरी खाली राहून पाचरी ठोकायच्या, म्हणजे ओंडके सरकणार नाहीत.

“मी जाते खाली,” कॉर्लिस म्हणाली.

“तू गप उभी राहा,” हार्लन म्हणाला. “अर्डिस, ट्रेलरचे हात सोडायचा दांडा तू धर. मला ऐकू येत नाही, माझा हात बघ.”

त्याच्या तोंडून ‘मला ऐकू येत नाही’ हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तो एलनोराच्या पोटाखाली सरपटत गेला. आता तिला त्याचे फक्त बूट दिसत होते आणि बाहेर काढलेला एक हात. दांडा थंडगार होता. हाताची बोटं हलली: सोड. तिने केसभर सोडला. बोट कण्हली. बोटं हलली: आणखी. तिने सोडला. आतून पाचरीवर घण पडल्याचा आवाज आला. एका ओंडक्याची साल फाटली आणि चौकडी जराशी, अगदी जराशी बाहेर सरकली.

अर्डिसच्या मनात आलं, डुक्कर, डुक्कर, डुक्कर. मग आलं, शुक्रवार. मग या दोन्हींच्या खालून, हिवाळाभर दाबून ठेवलेला तो आवाज वर आला, हातोडीचा, ठप्प. शुक्रवारने तुळई कुजवली नव्हती. ती नोव्हेंबरात कुजलेली होती आणि तिने ती कानांनी ऐकली होती. एवढं ऐकूनही तिने वाराला भ्यायचं ठरवलं होतं, आणि कोरडा रस्ता सोडून नवऱ्याला या खारट चिखलात आणलं होतं.

हात बाहेर आला. मूठ वळलेली: थांब. ती थांबली. मूठ तशीच राहिली. पाऊस बोटीच्या कडेवरून तिच्या मानेत ओघळत होता. लर्लीनने तिच्या कमरेत हात घालून तिला धरलं होतं, हे तिला नंतर कळलं.

मूठ उघडली. आणखी. शेवटचं.

एलनोरा ओंडक्यांवर बसली. हार्लन उलटा सरपटत बाहेर आला, चेहऱ्यावर गंजाचं पाणी. तो उभा राहिला नाही. लर्लीनच्या पायरीवर बसला आणि हात गुडघ्यांत दाबून धरले. कॉर्लिसने ट्रकमध्ये बसून रिकामा ट्रेलर बोटीखालून पुढे काढला. तो सुटा होऊन रस्त्याच्या कडेला पोचेपर्यंत तुळईने वाट पाहिली. मग ती मोडली. मोठा आवाज नाही. वाळलेली फांदी मोडावी तेवढाच.

खाली खाडीत भरती आली असेल आणि ओसरूही लागली असेल. रॉइस मोकळा होईपर्यंत अंधार पडणार होता, आणि अंधारात मोठं ओझं रस्त्यावर नेत नाहीत. थांबलेल्या गाड्या निघून गेल्या.

“चहा घ्या,” लर्लीन म्हणाली. “आणि तुझे ते बीन्स करपले असतील, अर्डिस.”

करपले नव्हते. रात्री तिघांनी ते खाल्ले. कॉर्लिसने दोनदा वाढून घेतलं, आणि अर्डिसला त्यावरूनच कळलं. मूल जायचं असलं की जास्त जेवतं.

सोमवारी नारिंगी पाट्या लागल्या. रात्री पुन्हा कडक गोठून रस्ता घट्ट झाला असता, तर पाट्या असूनही पहाटे रॉइसने बोट नेली असती. त्या वर्षी गोठलंच नाही. एलनोरा लर्लीनच्या अंगणात, समुद्राकडे तोंड करून, एव्हरेटच्या लाकडांवर उभी राहिली. हंगाम संपला. कॉर्लिस गेली. जाताना अर्डिसने बीन्सचं लोखंडी भांडं जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून तिच्या गाडीत ठेवलं. कॉर्लिस म्हणाली, “आई, तिकडे मी कशाला बीन्स शिजवू?” अर्डिस म्हणाली, “राहू दे.”

हार्लनने ट्रेलर शेडमागे ओढून टाकला. पट्टी जोडायची भाषा केली नाही. सकाळी उठून तो खिडकीशी बसे. अंगणातल्या बोटी कमी होत गेल्या, लोक त्या रॉइसकरवी नेत होते. एकदा तो म्हणाला, “तू सांगितलं होतंस.”

“मी एकदाच सांगितलं,” अर्डिस म्हणाली. “ओरडून सांगायला हवं होतं.”

“ओरडली असतीस तरी मला ऐकू आलं नसतं.” हा विनोद होता. दोघंही हसले नाहीत.

मे महिन्यात पाट्या निघाल्या. रॉइसचा फोन आला. बोटी नेण्याची झुंबड होती, एकच दिवस रिकामा होता. तो चाचरत म्हणाला, “अर्डिसकाकू, शुक्रवार आहे. तुम्हाला चालत नसेल तर मग जूनच.”

अर्डिसने फोन कानाशी धरून खिडकीबाहेर पाहिलं. हार्लन खुर्चीतून तिच्याकडे पाहत होता.

“रस्ता कोरडा आहे का?” तिने विचारलं.

“कोरडा ठणठणीत.”

“आणि तुझ्या तुळया? हातोडी मारून बघितल्यास?”

“हो. म्हणजे, बघतो.”

“बघ. वाजल्या तर शुक्रवारी ये.”

शुक्रवारी सकाळी ती लर्लीनच्या अंगणात पोचली तेव्हा कॉर्लिसची गाडी आधीच उभी होती. ती कळवून आली नव्हती. अर्डिसने गाडीच्या काचेतून आत पाहिलं. मागे रबरी बूट, पिवळे बरसाती कपडे. आणि पुढच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेलं, ते लोखंडी भांडं.

“परत आणलं,” कॉर्लिस म्हणाली. “तिकडे शनिवारी कुणी घरी नसतं.”

हार्लन पिकअपमध्ये अर्डिसच्या शेजारी येऊन बसला, आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या गाडीत. मागे रॉइसच्या ट्रेलरवर एलनोरा ओंडक्यांवरून उचलली गेली. लर्लीन त्या लाकडांपाशी उभी राहून त्यांवरून हात फिरवत होती.

अर्डिसने दिवा लावला. आरसा नीट केला, आणि मग नवऱ्याच्या बाजूचाही त्याच्याकडे वळवला.

“डोलकाठी बघत राहा,” ती त्याच्या चांगल्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली. “कलली तर सांग.”